आपल्या वतीने कोण बोललं?

एप्रिल २०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा खटला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठासमोर उभा राहिला, तेव्हा जमियत उलमा-ए-हिंदनेही त्यात विरोधाचा अर्ज दिला. कपिल सिब्बल त्यांच्या बाजूने उभे राहिले. म्हणणं साधं होतं: विवाह म्हणजे पुरुष आणि स्त्री यांचा, सगळे धर्म हेच सांगतात, आणि यात बदल केला तर कुटुंबाचा पायाच हलेल. अखिल भारतीय संत समितीही त्याच बाजूला होती. एरवी एका मांडवात न बसणारी माणसं या एका मुद्द्यावर एकाच रांगेत उभी राहिली, याची गंमत तेव्हाही वाटली होती.

१७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल आला. लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि स्पेशल मॅरेज ॲक्ट बदलणं कोर्टाचं काम नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायद्याची मान्यता आणि मूल दत्तक घेणं, या दोन मुद्द्यांवर तीन विरुद्ध दोन असं बहुमत नकाराचं राहिलं. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे कायद्यापुरता हा विषय तूर्त मिटलाय.

निकालानंतरच्या जुम्याला माझा मुलगा नमाज पढून घरी आला आणि म्हणाला, "अम्मी, आज बयान में बोले, हमारी जीत हुई." आमच्या नांदेडात बायका जुम्याला मशिदीत जात नाहीत, त्यामुळे बयान आमच्यापर्यंत असं मुलांच्या तोंडूनच पोचतं. मी त्याला विचारलं, आपली म्हणजे कोणाची? आपण हरत होतो का?

हा प्रश्न मी चेष्टेने विचारला नव्हता. याचिका करणाऱ्यांनी निकाह मागितला नव्हता. त्यांची मागणी १९५४च्या स्पेशल मॅरेज ॲक्टपुरती होती. सुनावणीच्या पहिल्याच दिवशी कोर्टाने सांगून टाकलं होतं की आम्ही कोणत्याही धर्माच्या व्यक्तिगत कायद्यात शिरणार नाही. कोणत्याही काझीला कुणी काही पढायला लावणार नव्हतं. जमियतला कोर्टात जाण्याचा हक्क होता, तो मी नाकारत नाही. उलेमांना जे हक वाटतं ते त्यांनी भर कोर्टात सांगावं. पण निकाहवर संकट आलंय आणि ते टळलं, असं जे आमच्या मोहल्ल्यात सांगितलं गेलं, ते खरं नव्हतं.

आता माझी जागा स्पष्ट करते, नाहीतर पुढचं वाचायच्या आधीच कुणीतरी शिक्का मारेल. मी नमाज-रोजा पाळणारी बाई आहे. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. निकाह पुरुष आणि स्त्रीमध्ये होतो हे मी लहानपणापासून शिकले, तेच मानते, आणि कोणत्याही मौलानांना नवा मसला लिहा असं सांगायला मी निघालेली नाही. हमीद दलवाईंचा मी आदर करते. १८ एप्रिल १९६६ ला सात बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, त्या सात जणींचा तर फारच. पण दलवाई दीनच्या बाहेर उभे राहून बोलत होते, मी आतून बोलतेय. माझी तक्रार अकीद्याबद्दल नाही. आपल्या जमातीत अशी मुलं-मुली आहेत, घराघरात आहेत. त्यांच्याबद्दल देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टात बोलण्याआधी त्यांच्यापैकी कुणाशी, त्यांच्या आईबापांशी किंवा त्यांच्याशी लग्न लावून दिलेल्या मुलींशी कुणी बोललं होतं का, एवढंच मी विचारतेय.

शेवटच्या या मुलींचं मुद्दाम लिहितेय. कारण या विषयात त्या कुणालाच दिसत नाहीत.

माझी एक विद्यार्थिनी. तिच्या परवानगीनेच लिहितेय, ओळख पटेल असं काही देत नाही. दहावीला उर्दूत माझ्या वर्गात पहिली आली होती. पुढे लातूरला दिली. मुलगा देखणा, घरचं दुकान, पान-गुटखा काही नाही. चार वर्षांत त्याने तिला एक वाईट शब्द ऐकवला नाही, आणि एकदाही हात लावला नाही. सासू दर महिन्याला विचारायची, मग दर्ग्यांचे धागे, मग हकीम, मग नांदेडची लेडी डॉक्टर. तपासण्या सगळ्या हिच्याच. चौथ्या वर्षी एका रात्री तो रडत तिच्यापुढे बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. लग्नाआधी त्याने आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, निकाह के बाद सब ठीक हो जाता. एका मौलानांकडेही जाऊन आला होता. त्यांनी रोजे ठेवायला सांगितलं आणि लवकर लग्न करून टाक म्हणून सल्ला दिला. त्या सल्ल्यात दुसरं माणूस कोण असणार आहे, हे ना मौलानांनी विचारलं ना आईने.

मग बैठक बसली. सहा-सात पुरुष, बाई एकही नाही. तिने कारण सांगितलं नाही. मला म्हणाली, "वो आदमी बुरा नहीं था टीचर. नाम लेती तो उसको जीने नहीं देते." कारण नाही म्हणजे दोष हिचा, असा हिशोब झाला. कागदावर खुला लिहिला गेला, म्हणजे मागणी बायकोची. मागणी बायकोची म्हणून मेहर माफ. जहेजमधलं कपाट आणि पलंगसुद्धा तिकडेच राहिले. तो आता पुण्यात असतो. ती माहेरी आहे, शिलाई करते, आणि गल्लीत अजूनही तिच्याकडे "लड़की में ही कुछ होगा" अशा नजरेने पाहतात.

ज्यांना दीनी किताबं ठाऊक आहेत त्यांच्या लगेच ध्यानात येईल की या बैठकीत शरियतसुद्धा पाळली गेली नाही. नवरा-बायको कोणत्याही अडथळ्याशिवाय एकांतात राहिले, तर हनफी फिकहप्रमाणे ती खिल्वत-ए-सहीहा होते आणि पूर्ण मेहर लागू होतो. पुढे काही घडो वा न घडो. नवरा बायकोचा हक्क देऊ शकत नसेल तर काझीने त्याला एक वर्षाची मुदत द्यायची आणि तरीही जमलं नाही तर बायकोच्या मागणीवर निकाह तोडायचा, हाही जुना हनफी मसला आहे. देशाच्या कायद्यातही वाट आहे. १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात, नवऱ्याने सबळ कारणाशिवाय तीन वर्षं वैवाहिक कर्तव्य पार पाडलं नाही तर बायको कोर्टाकडून फस्ख मागू शकते. आणि त्याच कायद्याचं पाचवं कलम सांगतं की असा निकाह तुटला तरी तिच्या मेहरच्या हक्काला धक्का लागत नाही. चार वर्षं झाली होती. मेहर तिचा होता.

या १९३९च्या कायद्याची जन्मकथा मला आपल्या आजच्या उलेमांना पुन्हा ऐकवावीशी वाटते, कारण ती त्यांच्याच बुजुर्गांची आहे. तेव्हा पंजाबात बेपत्ता नवरा, खर्च न देणारा नवरा, मारहाण करणारा नवरा यांच्यापासून सुटायला हनफी मजहबमध्ये बाईला जवळजवळ वाट नव्हती. बायका इंग्रजांच्या कोर्टात जाऊन सांगू लागल्या की आम्ही इस्लाम सोडला. मुर्तद झाली की निकाह आपोआप तुटतो, असा मसला होता आणि कोर्टं तो मानत होती. जालीम नवऱ्यापासून सुटण्यासाठी बाईला ईमान सोडावं लागावं, यापेक्षा मोठी शरमेची गोष्ट कोणती?

थानाभवनचे मौलाना अशरफ अली थानवी. बहिश्ती जेवर लिहिणारे. त्यांना कुणी आधुनिक म्हणणार नाही. त्यांनी त्या बायकांना दोष देत बसण्याऐवजी मदिनेच्या मालिकी मुफ्तींना सवाल पाठवले, देवबंद आणि सहारनपूरच्या उलेमांशी सल्लामसलत केली, आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी 'अल-हीलतुन नाजिजा' ही किताब काढली. तिचं म्हणणं असं की या अडचणीत मालिकी मसल्यावर अमल करता येईल, बाईला सुटका मिळेल. नुसत्या इर्तिदादने निकाह तुटतो हे स्वतःचं आधीचं मतही त्यांनी बदललं. त्या किताबीच्या आधारावर काझी मुहम्मद अहमद काजमी यांनी १९३६ मध्ये केंद्रीय असेंब्लीत बिल मांडलं आणि जमियत उलमा-ए-हिंद त्याच्या मागे उभी होती. होय, हीच जमियत. शेवटी जो कायदा झाला त्यातून मुस्लिम न्यायाधीशाची अट गळाली म्हणून उलेमा नाराजही झाले, तो भाग वेगळा. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हा कायदा आपल्याकडे नंतर पोचला. काही बैठकांपर्यंत तर अजूनही पोचलेला नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की थानवींनी अकीदा बदलला नाही. त्यांनी आधी विचारलं, की या बायका असं का करतायत? जमियतच्या २०२३च्या अर्जात मला हा प्रश्न सापडत नाही.

अमेरिकेत मॉर्मन नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला, जगभर दीड कोटीहून जास्त अनुयायी. विवाह पुरुष-स्त्रीचाच, हे त्यांचंही ठाम मत आहे, आणि कुटुंबाला आपल्याइतकंच महत्त्व. त्यांच्याकडे जे घडलं ते मी बातम्यांतून लक्ष देऊन वाचत गेले, कारण प्रश्न आपल्यासारखाच होता: श्रद्धा तीच ठेवून जमातीने वागायचं कसं? २०१५च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. नोव्हेंबरमध्ये या चर्चने नियम काढला की असं लग्न करणारा सभासद धर्मत्यागी समजला जाईल. आणि त्याच्या मुलांचा बाप्तिस्मा होणार नाही. त्यांच्याकडे तो एरवी आठव्या वर्षी होतो. या मुलांनी अठरा वर्षांचं होईपर्यंत थांबायचं, मग आईबापापासून वेगळं राहायचं आणि त्यांची जीवनपद्धती अमान्य आहे असं सांगायचं.

आठ वर्षांच्या मुलाने काय केलं होतं? हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारलाच, पण चर्चमध्ये आयुष्य गेलेल्या आजीआजोबांनीही विचारला. शेकडो लोकांनी सभासदत्वाचे राजीनामे दिले. जे आत राहिले त्यांच्यातले बरेच आतूनच वाद घालत राहिले. आपला नियम हा ईश्वरी आदेश आहे, असं चर्चच्या एका ज्येष्ठ नेत्याने म्हटलं होतं. पुढे तेच गृहस्थ, रसेल नेल्सन, चर्चचे अध्यक्ष झाले आणि एप्रिल २०१९ मध्ये, साडेतीन वर्षांच्या आत, तो नियम मागे घेतला गेला. विवाहाची त्यांची व्याख्या तसूभर बदललेली नाही. मुलांना शिक्षा देणं मात्र थांबलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर समलिंगी विवाहांना संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण देणाऱ्या विधेयकाला याच चर्चने पाठिंबा दिला. धार्मिक संस्थांवर सक्ती होणार नाही ही तरतूद त्यात होती, तेवढी त्यांना पुरेशी वाटली.

मॉर्मनांकडे अध्यक्षाला पैगंबराचं स्थान आहे. आपल्या लेखी अर्थातच नबुव्वत संपली. म्हणून तर त्यांच्या आतल्या वादाचं मला नवल वाटतं. त्यांच्याकडे नेत्याचा शब्द बंधनकारक, तरी माणसं बोलली. आपल्याकडे पोप नाही, चर्च नाही, फतवा म्हणजे एका आलिमचं मत. दुसरा आलिम वेगळं मत देऊ शकतो, चार इमामांचे चार मजहब याच मोकळेपणातून उभे राहिले. कागदावर आपल्याइतकी मोकळी जमात नाही. आणि नांदेड-लातुरात एखादा मसला नुसता विचारायचा तरी आवाज खाली जातो.

मला मिळणारं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: मुसलमानांवर आधीच एवढं चाललंय, त्यात हा विषय कशाला काढायचा? ही भीती खोटी नाही. उत्तराखंडात समान नागरी कायदा आला, आता आपल्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर सरकारची नजर असल्यासारखं वाटतं. जमियतला स्पेशल मॅरेज ॲक्टच्या आडून आणखी काही येईल अशी शंका आली असेल तर मी हसणार नाही. पण कोर्टात आपण कोणत्या बाजूला उभे राहतो आणि घरात आपल्या मुलांशी कसं वागतो, ही दोन कामं आहेत, आणि पहिलं केलं म्हणून दुसरं झालं असं होत नाही. आपला अनुभव तर उलटा आहे. तीन तलाक एका दमात देणं गुनाह आहे हे सगळे उलेमा वर्षानुवर्षं सांगत आले. पर्सनल लॉ बोर्डाने काझींना सूचना देऊ, निकाहच्या वेळी नवऱ्याला समज देऊ, असं म्हटलं ते मे २०१७ मध्ये, सुप्रीम कोर्टात, सुनावणी संपल्यावर. ऑगस्टमध्ये निकाल विरोधात गेला. तीच सूचना वीस वर्षं आधी निघाली असती तर?

समलिंगी संबंधांबद्दल बोर्डाची भूमिकाही एकसारखी राहिलेली नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये कलम ३७७ सैल केलं, त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेल्यांत बोर्ड होतं. २०१८ मध्ये तोच विषय पुन्हा आला तेव्हा बोर्डाने फार जोर लावला नाही, निर्णय कोर्टावर सोडला. म्हणजे भूमिका बदलू शकते. फक्त ती का बदलली हे जमातीला कुणी सांगत नाही.

दुसरं उत्तर असतं की आपल्यात असले लोक नाहीतच. यावर मी वाद घालत नाही. बावीस वर्षं वर्गात उभी आहे, मला मुलं दिसतात.

तिसरं उत्तर मात्र विचार करायला लावणारं आहे. एका हाफिजसाहेबांनी मला विचारलं, "आपा, गुनाह को गुनाह नहीं बोलना क्या?" बोला. पण व्याजाला गुनाह म्हणतो, तरी व्याजाने दुकान चालवणाऱ्याचा जनाजा आपण उचलतो. दारू पिऊन गेलेल्याचाही उचलतो, जनाजा फर्ज-ए-किफाया आहे म्हणून. मग याच एका बाबतीत घराबाहेर काढणं, वाळीत टाकणं, कब्रस्तानात कुजबुज करणं कुठून आलं? वाळीत टाकणं तर महाराष्ट्रात आता कायद्याने गुन्हा आहे, २०१६च्या सामाजिक बहिष्कार कायद्यानुसार. आपल्या राज्यात जातपंचायतींच्या जुलमामुळे तो करावा लागला. जमातीच्या बैठकांनाही तो लागू होतो, हे माहीत असावं.

मी हाफिजसाहेबांना एवढंच सुचवलं की निकाहच्या आधी मुलीकडे वकील आणि दोन गवाह इजाजत घ्यायला जातात, तसं मुलालाही कुणीतरी एकट्याला गाठून विचारावं. बाप नको, मामा नको, मित्र नकोत. हे लग्न तुला करायचंय का? न करायचं कारण सांगायची गरज नाही. नुसतं नाही म्हणाला तरी चालेल, आणि ते "नाही" काझीने आपल्या अंगावर घ्यावं, तारीख पुढे गेली म्हणून सांगावं. निकाहला मर्दाची रजामंदीही शर्त आहे, ही काही मी काढलेली गोष्ट नाही. बोर्डाने २००५ मध्ये नमुना निकाहनामा काढला, त्यासोबत दोघांसाठी सूचनाही दिल्या. त्यात ही एक ओळ घालायला कोणती किताब आड येते ते मला दाखवा.

हाफिजसाहेब हसले. म्हणाले, हॉल बुक झालेला असतो, बिर्याणीची डेग चढलेली असते, तेव्हा मुलगा "नाही" म्हणाला तर मुलीचा बाप माझी दाढी धरेल. मी म्हटलं, म्हणून तर हॉल बुक करायच्या आधी विचारा. मंगनीच्या दिवशी विचारा. त्यावर त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शव्वालमध्ये त्यांच्याकडे बरेच निकाह आहेत.